फोटो काढायला जाण्याआधी

पुष्कळ घरांत भिंतीवर आजोबांचा फोटो असतो. त्याला हार घातलेला असतो. पण जवळ जाऊन पाहावे, तर चेहरा अंधूक. डोळे अर्धवट मिटलेले. असे का बरे होते?

आजोबा हयात असताना कुणी त्यांचा नीट फोटो काढलाच नाही. ते वारले आणि मग धावाधाव झाली. मतदानाच्या ओळखपत्रावर त्यांचा लहानसा चेहरा होता. तोच मोठा करून आणला. नातवंडे विचारतात, “आजोबा असेच दिसत होते का?” घरचे म्हणतात, “नाही रे बाळा, लई रुबाबदार होते.” पण तो रुबाब आता दाखवायचा कसा?

म्हणून घरातल्या प्रत्येक माणसाचा एक चांगला फोटो वेळेवर काढून ठेवावा. त्याला फार खर्च येत नाही. थोडी तयारी मात्र करावी लागते.

फोटोने आयुष्य कमी होते का?

काही म्हाताऱ्या माणसांना अजून भीती वाटते. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे त्यांनी लहानपणी ऐकलेले असते. हे खरे नाही.

आपल्या चेहऱ्यावर उजेड पडतो. तो उजेड परत फिरून कॅमेऱ्याच्या भिंगातून आत जातो. आत त्याचे चित्र उमटते. पूर्वी ते औषध लावलेल्या फिल्मवर उमटत असे. आता बहुतेक कॅमेऱ्यांत उजेड टिपणारा एक लहानसा भाग असतो, त्यावर उमटते. आरशात पाहिल्याने आपले काही कमी होते का? मग फोटोनेही होत नाही.

शिवाजी महाराजांच्या काळी फोटो नव्हते. चित्रकार हाताने चित्र काढीत. फोटो काढण्याची एक रीत 1839 साली फ्रान्स देशात जाहीर झाली. तेव्हा माणसाला बराच वेळ हलता येत नसे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकण लावीत. पुढे ही विद्या आपल्याकडे आली. 1854 साली मुंबईत फोटो काढणाऱ्यांची एक संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळी फोटो काढीत. ते स्वतः डॉक्टर होते. फोटोने आयुष्य घटत असते, तर डॉक्टरांनी ते काम केले असते का?

“मला कशाला फोटो?”

घरातली म्हातारी आई बहुधा असेच म्हणते.

“मला कशाला रे फोटो? माझं काय आता लगीन व्हायचंय?”

मुलाने तिला सांगावे, “आई, तुझ्यासाठी नव्हे गं. तुझ्या पणतवंडांनी तुला बघायला नको का?”

मग आई नाही म्हणत नाही. मात्र तिला ओढून नेऊ नये. तिला चालवत नसेल, तर फोटोवाल्याला घरी बोलवावे. आजारपणात किंवा घाईगर्दीत फोटो चांगला येत नाही. अंग बरे असेल, पोटभर जेवण आणि झोप झाली असेल, असा दिवस निवडावा.

कपडे कोणते घालावेत?

कपडे स्वच्छ आणि अंगाला बसणारे असावेत. नवे किंवा भारी नसले तरी चालेल. संत गाडगेबाबा 1956 साली वारले. त्यांच्या अंगावर चिंध्यांचे कपडे असत. फोटोत ते तसेच दिसतात आणि लोक त्यांना हात जोडतात. माणूस कपड्यांनी मोठा होत नाही.

मागचा पडदा पांढरा असेल, तर पांढरा सदरा घालू नये. तो पडद्यात मिसळून जातो. निळा, हिरवा, तांबडा असा एकरंगी कपडा उठून दिसतो. फार बारीक चौकडीचा कपडा टाळावा. उसने दागिने घालू नयेत. पुढे फोटो पाहताना तेच आठवत राहते. आजोबा रोज फेटा बांधत असतील, तर फोटोतही बांधावा. आजी रोज मोठे कुंकू लावत असेल, तर तेच लावावे.

चेहरा आणि बैठक

आदल्या दिवशी दाढी-कटिंग उरकावी. निघताना तोंड धुऊन कोरडे करावे. केसांना तेल बेताचेच लावावे. फार तेल लावले की कपाळ चकाकते. पावडरही थापू नये. चेहरा राखेसारखा दिसतो.

आता फोटोवाले संगणकावर रंग उजळ करून देतात. त्यांना आधीच सांगावे, “भाऊ, आहे तसाच रंग ठेवा.” उन्हातान्हात राबून रापलेला चेहरा ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हे.

बसताना पाठ ताठ ठेवावी, पण खांदे सैल सोडावेत. हात मांडीवर ठेवावेत. भिंगाकडे पाहावे. श्वास रोखून धरू नये. पापणी मिटत असेल, तर आधी डोळे मिटावेत आणि फोटोवाल्याने तीन म्हटले की उघडावेत. चष्म्यावर उजेड चमकत असेल, तर हनुवटी किंचित खाली करावी. हसू येत असेल तर हसावे. दाबू नये.

घरी फोटो काढत असाल, तर भर दुपारच्या उन्हात उभे राहू नका. डोळ्यांखाली काळी सावली पडते. ओसरीच्या सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसा. उजेड पाठीमागे असला की चेहरा काळा येतो.

सगळ्या घराचा फोटो असेल, तर वडीलधारी माणसे मध्ये खुर्चीवर, उंच माणसे मागे आणि मुले पुढे बसवावीत. लहान मुलाला खाऊ-पिऊ घालून, झोप झाल्यावर आणावे.

कचेरीच्या कामाचा फोटो

सरकारी अर्जाला लहान फोटो लागतो. तो बहुधा साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच असतो. पण केवढा हवा आणि मागे कोणता रंग हवा, हे कचेरीत आधी विचारावे. म्हणजे दोनदा खर्च होत नाही. या फोटोत चेहरा समोर आणि डोळे उघडे असावेत. पदर असला, तरी कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा झाकला जाऊ नये. चष्मा काढायला सांगितला, तर काढावा.

आधार कार्डाचा फोटो केंद्रावरच काढतात. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. तेथे जातानाही तोंड धुऊन, केस विंचरून जावे. तो चेहरा पुष्कळ वर्षे आपली ओळख म्हणून दाखवावा लागतो.

फोटो जपावा कसा?

आता घरोघरी मोबाईल आहेत. त्यात ढीगभर फोटो असतात. पण मोबाईल पाण्यात पडला किंवा हरवला, की फोटोही जाऊ शकतात. म्हणून त्यातला एक चांगला फोटो कागदावर छापून घ्यावा. भिंतीवर लावलेला फोटो ऊन, ओल आणि चुलीचा धूर यांपासून दूर ठेवावा. फोटोला काच चिकटू देऊ नये. ओल आली की तो काचेला धरतो आणि काढताना फाटतो.

शेवटचे काम फार महत्त्वाचे आहे. जुन्या पेटीत कधी कधी एखादा फोटो सापडतो. त्यात कोण आहे, ते कुणालाच सांगता येत नाही. सांगणारे निघून गेलेले असतात. फोटो आहे, पण माणूस हरवला.

आता तुम्हांला लिहिता येते. फोटो पालथा करा. मऊ पेन्सिलीने, फार न दाबता, मागे लिहा: माणसाचे नाव, गावाचे नाव, साल. या तीन गोष्टी लिहायला दोन मिनिटे पुरतात. आजच घरातले जुने फोटो काढा. आईला, आजीला शेजारी बसवा. एकेक फोटो दाखवून विचारा, “हे कोण?” त्या सांगतील, तसे लिहीत जा.