स्लेट ग्रे (पोर्शे)

स्लेट ग्रे (जर्मन: शीफरग्राउ) हा पोर्शे कंपनीच्या ३५६ व ९११ या स्पोर्ट्स कारवर वापरला गेलेला गडद राखाडी रंग आहे. 'ल माँ' (१९७१) या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन चालवतो ती ९११ एस याच रंगाची आहे.

जुन्या मोटारीवर हा रंग पुन्हा जुळवणे दिसते तितके सोपे नाही. राखाडी हे मुख्यतः पांढऱ्या व काळ्या रंगद्रव्यांचे मिश्रण असल्याने छटेतील किंचित फरकही डोळ्यांना चटकन जाणवतो. काळ्यासाठी वापरलेल्या काजळीचे कण बारीक असल्यास राखाडी तपकिरीकडे, मोठे असल्यास निळ्याकडे झुकतो. त्यामुळे कारखान्याचा रंगक्रमांक ठाऊक असणे पुरेसे ठरत नाही. मूळ रंगाचा नमुना ऊन न लागलेल्या भागांत, उदा. गालिच्याखाली किंवा दारांच्या रबरी पट्ट्यांमागे, शोधतात. तो हलकेच घासून स्वच्छ केल्यावर स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजतात आणि तयार मिश्रण पत्र्याच्या तुकड्यावर फवारून पाहतात. तरीही रंगद्रव्ये मूळची नसतील, तर उन्हात तंतोतंत जुळलेला रंग ट्यूबलाइटखाली वेगळा दिसू शकतो. या परिणामास मेटामेरिझम म्हणतात. म्हणून नमुना दोन्ही प्रकाशांत मोटारीला लावून पाहणे आवश्यक असते, आणि तेही जुना रंग खरवडण्यापूर्वी. एकदा तो गेला की ताडून पाहण्यास काहीच उरत नाही.