पेटीचा कोपरा

विचुंब्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. निवृत्तीनंतर त्यांनी घरी नॅस घेतली, म्हणजे दोन हार्डडिस्क पोटात असलेली आणि वायफायच्या राउटरला जोडलेली साठवणुकीची पेटी. भाच्यानं तिच्यावर डॉकर वापरून, म्हणजे कंटेनरमध्ये, जेलीफिन हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम बसवून दिला. आता घरातले जुने व्हिडिओ, सिनेमे, कीर्तनाची रेकॉर्डिंग असं सगळं टीव्हीवर व्यवस्थित दिसतं. परवा मात्र भाचा आला आणि अपडेट करायचं म्हणून त्यानं आख्खा कंटेनर पुसून नवा बसवला. वाचक काकांच्या पोटात गोळा आला, कारण त्यातच मुलीच्या लग्नाची, व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेली फिल्म होती. पण पाच मिनिटांनी टीव्ही लावला तर फिल्म जागच्या जागी. कंटेनर गेला आणि माल राहिला, हे कसं, असं ते विचारतात.

थोडक्यात उत्तर असं की माल कंटेनरमध्ये नव्हताच. विचुंब्यासारख्या पनवेल तालुक्यातल्या गावच्या माणसाला हे पटणं अवघड आहे, याची मला कल्पना आहे. पळस्पे फाट्यावरून जेएनपीटी बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलेल्या कुणालाही कंटेनर म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. २६ मे १९८९ला न्हावाशेव्याचं हे बंदर सुरू झालं आणि वीस फुटी, चाळीस फुटी पेट्या इथल्या रोजच्या दृश्याचा भाग झाल्या. आत नाशिकची द्राक्षं आहेत की यंत्रांचे सुटे भाग, हे ड्रायव्हरला ठाऊक नसतं आणि क्रेनवाल्यालाही. ठाऊक असायची गरजच नाही, यातच कंटेनरची सगळी कमाल आहे. संगणकवाल्यांनी ही उपमा जाणूनबुजून उचलली. डॉकरचं बोधचिन्हच मुळी पाठीवर कंटेनर रचलेला देवमासा आहे. तेव्हा आधी खऱ्या पेटीकडे पाहू, मग ही उपमा कुठे फसवते ते पाहू.

खऱ्या पेटीची गोष्ट सांगताना माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याचं नाव हमखास येतं. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं. मूळचं ते तेलवाहू जहाज. डेकवर ५८ पेट्या ठेवता याव्यात म्हणून त्याच्यात फेरफार केले होते. सुटा माल गोण्या, पिंपं, खोकी अशा रूपात जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे पाच डॉलरहून जास्त खर्च येई. या पेट्यांचा खर्च टनाला सोळा सेंटांच्या आत बसला. त्या एका आकड्यानं जगभरच्या बंदरांचा कायापालट केला आणि गोदी कामगारांच्या पाठीवरचं ओझं उतरवता उतरवता त्यांच्या हातचं कामही नेलं. मुंबई बंदरानंही ते पाहिलं आहे.

पण लोखंडी पेटीत माल भरावा, ही कल्पना काही मॅक्लीनची नव्हती. तशा पेट्या आधीही होत्या. अडचण वेगळीच होती. पेटी ट्रकवर पक्की बसायला हवी, क्रेननं चटकन पकडायला हवी, जहाजावर एकीवर एक चढली तरी वादळात घसरायला नको, आणि हे सगळं माणसानं दोरखंड न आवळता व्हायला हवं. हा गुंता सोडवला कीथ टँटलिंगर या इंजिनिअरनं. ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्यातून मॅक्लीननं त्याला आपल्याकडे खेचून घेतलं होतं. पेटीच्या आठही कोपऱ्यांत लंबगोल भोक असलेला पोलादी ठोकळा असतो. खालून किंवा वरून आलेला एक निमुळता खुंट त्या भोकात शिरतो आणि पाव फेरा फिरला की अडकून बसतो. याला म्हणतात ट्विस्टलॉक. क्रेन पेटीला वरच्या चार कोपऱ्यांत धरते, ट्रेलर खालच्या चार. सगळं वजन कोपऱ्यांच्या खांबांतून खाली उतरतं, म्हणून भिंती पातळ पत्र्याच्या असल्या तरी भागतं. कळंबोलीला एखादा रिकामा ट्रेलर उभा दिसला तर त्याच्या सांगाड्यावर हे खुंट वर आलेले असतात, जरूर पाहा.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती पुढची. १९६०च्या दशकात जगासाठी एकाच मापाची पेटी ठरवायची खटपट सुरू झाली. प्रत्येक कंपनीचा कोपरा निराळा होता. तेव्हा टँटलिंगरनं मॅक्लीनचं मन वळवलं आणि कोपऱ्याचं पेटंट सर्वांसाठी मोकळं करून घेतलं. आंतरराष्ट्रीय मानक उभं राहिलं ते त्याच धर्तीच्या कोपऱ्यावर. मॅक्लीनचं नाव व्यवस्थापनाच्या पुस्तकांत गेलं. टँटलिंगर २०११मध्ये, ९२ वर्षांचा होऊन वारला. त्याचं नाव बंदरात रोज शेकडो पेट्या उचलणाऱ्या क्रेनचालकानंही ऐकलं नसेल.

संगणकातल्या कंटेनरच्या गोष्टीतही हीच तऱ्हा आहे. इथला मॅक्लीन म्हणजे सॉलोमन हाइक्स. मार्च २०१३मध्ये पायथॉन भाषेच्या एका परिषदेत त्यानं पाच मिनिटांचं भाषण केलं आणि डॉकर जगाला दाखवलं. त्याचं श्रेय खरंच मोठं आहे. प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइली आणि सगळ्या मांडण्या एका ठरीव आकाराच्या गाठोड्यात बांधायच्या, ते गाठोडं नेटवरून कुणालाही उतरवून घेता यावं आणि एका आज्ञेत चालावं, ही सोय त्यानं केली. पण ज्या कोपऱ्यांवर हे गाठोडं अडकतं, ते आधीच घडवलेले होते.

ते घडायला तीन दशकं गेली. १९७९च्या युनिक्समध्ये एखाद्या प्रोग्रॅमला ‘हा फोल्डर म्हणजेच तुझं सगळं जग’ असं भासवायची युक्ती आली. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग काम्प यानं २०००मध्ये फ्रीबीएसडी या युनिक्सच्या भावंडात तिचा रीतसर तुरुंग केला. लिनक्समध्ये २००२पासून ‘नेमस्पेस’ येत गेल्या. प्रोग्रॅमला काय दिसावं, हे त्या ठरवतात. उरला प्रश्न होता तो प्रोग्रॅमनं किती खावं याचा. गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६मध्ये त्यावर काम सुरू केलं. जानेवारी २००८च्या लिनक्समध्ये ते ‘सीग्रूप’ या नावानं आलं.

पण सीग्रूप हा नुसता सांगाडा. प्रोसेसर आणि मेमरी यांची प्रत्यक्ष वाटणी करणारा भाग ज्यांनी लिहिला, त्यांत आयबीएमच्या भारतातल्या लिनक्स गटातली माणसं होती. बलबीर सिंग यांनी मेमरीचा हिशेब लिहिला. वाचायला सोपं वाटतं, पण मेमरीतलं एकच पान दोन कंटेनर वापरत असतील तर ते कुणाच्या खात्यावर मांडायचं? त्यांनी घेतलेला निर्णय सरळ होता. जो पहिल्यांदा हात लावेल त्याच्या नावावर. हा न्याय पुरता बिनचूक नाही, पण हिशेब ठेवण्यातच मशीनची शक्ती खर्ची पडू नये म्हणून व्यवहारी आहे. प्रोसेसरचा वेळ एकेका प्रोग्रॅमला न वाटता गटागटानं वाटायची सोय श्रीवत्स वड्डागिरी यांनी केली. लिनक्सच्या गाभ्यातल्या संबंधित दोन फाइली उघडल्या तर माथ्यावरच्या टिपणात ही दोन्ही नावं आणि २००७ हे साल आजही आहे. विचुंब्यातल्या त्या नॅसच्या पोटात लिनक्सच चालतं. म्हणजे जेलीफिन सिनेमांची पोस्टरं गोळा करण्यात दंग असतानाही बाजूला फोटोंचा बॅकअप गुदमरत नसेल, तर त्यात या दोघांचा हात आहे. डॉकरवरच्या बहुतेक लेखांत मात्र त्यांचा उल्लेख सापडत नाही.

आता काकांच्या शंकेकडे वळू. उपमा फसते ती इथेच. बंदरातल्या पेटीत माल असतो आणि पेटी हलली की माल हलतो. डॉकरच्या पेटीत असतो तो माल हाताळणारा प्रोग्रॅम. ती पेटी मुळी फेकून देण्यासाठीच असते. तिचे खालचे थर कायमचे गोठवलेले, त्यांवर कुणाला लिहिता येत नाही. वर लिहिण्याजोगा एक पातळ थर असतो आणि कंटेनर पुसला की नेमका तोच नाहीसा होतो. जे टिकायला हवं ते बाहेर, नॅसच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि पेटीला तिथवर फक्त एक दार काढून द्यायचं. लग्नाची फिल्म त्या दाराबाहेर होती.

भाच्यानं दारं नीट काढली आहेत का, हे पाहता येतं. त्यानं एक छोटी मजकुराची फाइल केली असेल, तिला कंपोज फाइल म्हणतात. तीत ‘व्हॉल्यूम्स’ या शब्दाखालच्या ओळी वाचायच्या. प्रत्येक ओळीत मध्ये कोलन असतो. डावीकडे नॅसवरचा खरा फोल्डर, उजवीकडे तोच फोल्डर पेटीच्या आतून ज्या नावानं दिसतो ते नाव. जेलीफिनला असे तीन लागतात. एक व्हिडिओंचा, एक कॉन्फिगचा म्हणजे मांडण्यांचा, एक तात्पुरत्या फाइलींचा. तिसरा गेला तर काही बिघडत नाही. कॉन्फिगचा विसरला असेल, तर पुढच्या अपडेटला व्हिडिओ सुखरूप राहतील, पण कोणी कोणता सिनेमा कुठपर्यंत पाहिला, घरातल्यांची खाती, हातानं दुरुस्त केलेली नावं हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि व्हिडिओंच्या ओळीच्या शेवटी ‘आरओ’ ही दोन अक्षरं जोडायला सांगा. मग पेटीला तो फोल्डर नुसता वाचता येतो. जेलीफिनमध्ये बिघाड झाला किंवा नातवानं डिलीट दाबलं, तरी फिल्मला धक्का लागत नाही.

हे सगळं करूनही लायब्ररी कोरी दिसली, तर बहुतेक वेळा दोष कंटेनरचा नसतो, क्रमांकाचा असतो. लिनक्स माणसाला नावानं ओळखत नाही. फाइलीचा मालक म्हणजे त्याच्या लेखी एक आकडा. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर आपण केलेल्या पहिल्या खात्याचा आकडा १०२६ असतो, तर पेटीतला प्रोग्रॅम बऱ्याचदा १००० या आकड्यानं वावरतो. १०००ला १०२६च्या फोल्डरमध्ये डोकावायची मुभा नसेल, तर त्याला काहीच दिसत नाही. कंपोज फाइलीत योग्य आकडा लिहिला की काम होतं.

फाइलींची नावं ठेवतानाही थोडी शिस्त लागते. ‘श्यामची आई’ एवढंच लिहिलं तर अत्र्यांचा १९५३चा की २०२३मध्ये आलेला, हे जेलीफिननं कसं ओळखावं? नावापुढे कंसात साल लिहा, पोस्टर बरोबर येतं.

टीव्ही जुना असेल आणि व्हिडिओ एचईव्हीसी या नव्या पद्धतीनं आवळलेला असेल, तर नॅसला तो चालू असतानाच उलगडून टीव्हीला कळेल अशा रूपात पुन्हा आवळावा लागतो. लहान प्रोसेसरचा यात जीव जातो. इंटेलच्या अनेक चिपमध्ये या कामापुरता वेगळा भाग असतो. पेटीला तो मुद्दाम दाखवून द्यावा लागतो, म्हणजे कंपोज फाइलीत त्या उपकरणाची एक ओळ घालावी लागते. (व्हिडिओ आवळण्याच्या मुळाशी असलेलं गणित १९७४मध्ये मांडणाऱ्यांत बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद होते. त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहायचा आहे, म्हणून इथे हात आखडता घेतो.)

मग हा कंटेनरचा खटाटोप हवाच का? नॅसवर एकच प्रोग्रॅम चालवायचा असेल आणि कंपनीच्या स्वतःच्या दुकानात तो तयार मिळत असेल, तर तो घेतलेला वाईट नाही. कंटेनरशिवाय घरचा सर्व्हर म्हणजे मागासपणा, हा सूर मला अतिरेकी वाटतो. खरा फायदा दिसतो तो नॅस बदलताना. व्हिडिओ, कॉन्फिग आणि ती छोटी कंपोज फाइल नव्या मशीनवर ठेवली, वाटा आणि आकडे तिथल्याप्रमाणे बदलले, की घरची लायब्ररी होती तशी उभी राहते, मशीन कोणत्या का कंपनीचं असेना. या गाठोड्यांचंही आता खुलं मानक आहे. त्यामुळे उद्या डॉकर कंपनी बुडाली तरी तीच गाठोडी दुसऱ्या साधनांवर चालतील.

दोन गोष्टी मात्र कंटेनर देत नाही आणि विकणारे त्याबद्दल गुळमुळीत बोलतात. पहिली सुरक्षितता. बंदरातल्या पेट्या वेगवेगळ्या, पण जहाज एकच. तसे सगळे कंटेनर लिनक्सचा एकच गाभा वापरतात, तो भेदला तर पेट्यांच्या भिंती कामाच्या नाहीत. दुसरी म्हणजे बॅकअप. नॅसमधल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात ती डिस्क बिघडली तर, फाइल चुकून पुसली तर नाही. पुसणंही दोन्हींवर इमानेइतबारे होतं. लग्नाच्या फिल्मची तिसरी प्रत दुसऱ्या घरी हवी. मुलीकडे ठेवली तर उत्तमच.

त्या मुलीला घरच्या नॅसवरचं आपल्या घरी बसून पाहायचं असेल, तर राउटरवर जेलीफिनसाठी पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून देऊ नका. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं इंटरनेटवर उघड्या पडलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस शोधून काढल्या, फाइलींना कुलपं घातली आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. वायरगार्डसारखं व्हीपीएन घाला, म्हणजे तिचा फोन घरच्याच नेटवर्कमध्ये असल्यासारखा वागतो. अनेक घरगुती ब्रॉडबँडवर बरेच ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, त्यामुळे पोर्ट उघडलं तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. याची पुष्कळजण तक्रार करतात, मला तो फुकट मिळालेला पहारा वाटतो. पण मग घरचं वायरगार्डही बाहेरून गाठता येत नाही, म्हणून अशा जोडणीवर टेलस्केल हे व्हीपीएन वापरावं. ते दोन्ही टोकांकडून बाहेर जाऊन मध्ये हात मिळवतं, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यासाठी राउटरला काही उघडावं लागत नाही.