पेटन की सेयर्स? शिकागो बेअर्सचा सगळ्यात भारी रनिंग बॅक कोण, हा वाद मिटत का नाही

१२ डिसेंबर १९६५. शिकागोच्या रिगली फील्डवर नुसता चिखल झाला होता. शिकागो बेअर्स आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे खेळाडू पळताना घसरत होते, पडत होते. त्याच चिखलात २२ वर्षांचा एक पोरगा मात्र कोरड्या मैदानावर असल्यासारखा वळणं घेत सुटला होता. त्या एका मॅचमध्ये त्याने ६ टचडाऊन केले आणि एनएफएलच्या विक्रमाची बरोबरी केली. बेअर्सनी मॅच ६१-२० अशी मारली. पोराचं लीगमधलं ते पहिलंच वर्ष होतं. त्याचं नाव गेल सेयर्स.

२० नोव्हेंबर १९७७. शहर तेच, टीम तीच, मैदान मात्र सोल्जर फील्ड. समोर मिनेसोटा व्हायकिंग्ज. बेअर्सचा एक खेळाडू फ्लूने बेजार होता. तरी तो उतरला, ४० वेळा बॉल घेऊन पळाला आणि २७५ यार्ड कापले. एका मॅचमध्ये इतकं अंतर तोवर कुणीच कापलं नव्हतं. हा विक्रम पुढे जवळपास २३ वर्षं टिकला. मॅच बेअर्सनी १०-७ अशी जिंकली, म्हणजे फरक फक्त ३ गुणांचा. त्याचं नाव वॉल्टर पेटन.

आता प्रश्न असा, की या दोघांत भारी कोण?

शिकागोत हा प्रश्न विचारला की लोक दोन गटांत वाटले जातात. दोघंही आज हयात नाहीत, दोघांचे आकडे केव्हाच कायमचे नोंदले गेलेत, तरी वाद काही संपत नाही. तो का संपत नाही, हे समजून घ्यायचं तर आधी या कामाचं स्वरूप समजून घ्यायला लागतं.

रनिंग बॅक म्हणजे नेमकं कोण?

अमेरिकन फुटबॉलमध्ये १०० यार्डांचं मैदान असतं. हल्ला करणाऱ्या टीमला १० यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तेवढं सरकलं की पुन्हा नव्याने चार संधी. असं करत समोरच्या टोकापलीकडे बॉल नेला की टचडाऊन.

बॉल पुढे न्यायचे मुख्य रस्ते दोन. एक तर क्वार्टरबॅकने लांब फेकायचा आणि कुणीतरी झेलायचा. नाहीतर क्वार्टरबॅकने तो एकाच्या हातात द्यायचा आणि त्याने समोरच्या ११ जणांमधून वाट काढत पळायचं. हा पळणारा म्हणजे रनिंग बॅक.

कबड्डीतला चढाई करणारा डोळ्यासमोर आणा. हुलकावणी द्यायची, फट शोधायची, पकड आली तर अंगावर घेऊन पुढे सरकायचं. फरक एवढाच की इथे पकडणारे शंभर-सव्वाशे किलोचे असतात आणि धावत येऊन आदळतात. त्यामुळे रनिंग बॅकचं करिअर बहुतेक वेळा छोटं असतं. गुडघा, घोटा, खांदा यांपैकी काहीतरी एक दिवस दगा देतंच.

या वादाची सगळी मेख इथेच आहे.

बाकीची नावं का मागे पडतात?

बेअर्स हा एनएफएलच्या सगळ्यात जुन्या क्लबपैकी एक. सुरुवात १९२० ची, तेव्हा नाव वेगळं होतं. १९२२ मध्ये ‘बेअर्स’ हे नाव पडलं. क्लबचे सर्वेसर्वा जॉर्ज हॅलस यांना पळणाऱ्या खेळाडूंची पारख होती.

१९२५ मध्ये त्यांनी कॉलेज फुटबॉलचा सुपरस्टार रेड ग्रेंज आणला. व्यावसायिक फुटबॉलकडे तोवर लोक फारसं ढुंकूनही बघत नव्हते, ग्रेंजमुळे मैदानं भरायला लागली. १९३० पासून ब्रॉन्को नागुर्स्की आला, जो समोरच्याला चुकवण्यापेक्षा तुडवून जायचा. पण एनएफएलने अधिकृत आकडे ठेवायला सुरुवात केली तीच १९३२ मध्ये. शिवाय तेव्हाचे खेळाडू हल्लाही करायचे आणि बचावही. त्यामुळे त्यांची तुलना पुढच्यांशी करता येत नाही.

अलीकडचा मोठा माणूस म्हणजे मॅट फोर्टे. त्याने २००८ ते २०१५ या काळात बेअर्ससाठी ८,६०२ यार्ड काढले. क्लबच्या यादीत तो दुसरा आहे. पण पहिल्या नंबरवरच्या पेटनचे यार्ड आहेत १६,७२६, म्हणजे जवळपास दुप्पट.

आणि सेयर्स? तो त्या यादीत पाचवा आहे, ४,९५६ यार्डांवर.

मग पाचव्या नंबरवरच्या माणसाचं नाव पहिल्याच्या बरोबरीने का घेतलं जातं?

सेयर्सची बाजू: त्याच्यासारखं कुणी पळालंच नाही

कॅन्सस विद्यापीठातून आलेल्या सेयर्सला बेअर्सनी १९६५ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर उचललं. पहिल्याच वर्षी त्याने २२ टचडाऊन केले, तोही तेव्हाचा विक्रम. १९६६ आणि १९६९ मध्ये तो लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्ड काढणारा खेळाडू ठरला.

त्याची खासियत होती दिशा बदलणं. पूर्ण वेगात असताना तो असा वळायचा की पकडायला आलेला माणूस हवेतच हात मारत राहायचा. त्याला फार मोठी वाट लागायची नाही, हातभर फट पुरायची.

दुसरं म्हणजे तो फक्त रनिंग बॅक नव्हता. समोरच्या टीमने लाथाडलेला बॉल पकडून उलटा धावत आणणं, म्हणजे किकऑफ रिटर्न, यात तो बापमाणूस होता. त्याची सरासरी ३०.५६ यार्ड आहे आणि करिअरच्या सरासरीचा हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

पहिली पाच वर्षं तो खेळला आणि पाचही वर्षं लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. या काळात बेअर्सची टीम मात्र यथातथाच होती. सेयर्सच्या नशिबी प्लेऑफची एकही मॅच आली नाही.

मग गुडघा गेला

१० नोव्हेंबर १९६८. पुन्हा रिगली फील्ड, पुन्हा समोर फोर्टीनायनर्स. एका टॅकलमध्ये सेयर्सच्या उजव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले.

आज अशी दुखापत झाली तर दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते, ठरलेला व्यायाम असतो आणि बरेच खेळाडू परत येतात. तेव्हा तसं नव्हतं. गुडघा उघडायचा, लिगामेंट शिवायचे, पाय प्लास्टरमध्ये घालायचा आणि वाट बघायची. अशा गुडघ्यावर अनेकांची करिअर तिथेच संपायची.

सेयर्सला त्या दिवसांत उभं केलं ते त्याच्या रूममेटने, ब्रायन पिकोलोने. पिकोलो गोरा, सेयर्स काळा. टीमच्या दौऱ्यांत गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंनी एका खोलीत राहायची तोवर पद्धत नव्हती, बेअर्समध्ये ती या दोघांपासून सुरू झाली. गंमत म्हणजे पिकोलोही रनिंग बॅकच होता, म्हणजे सेयर्स बाहेर बसला तर फायदा त्याचाच. तरी तो सेयर्सला चिडवत, डिवचत व्यायाम करायला लावायचा.

१९६९ मध्ये सेयर्स परतला. त्या वर्षी बेअर्सनी १४ पैकी १३ मॅच हरल्या आणि त्याच टीमकडून खेळून, शिवलेल्या गुडघ्यावर, सेयर्स १,०३२ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला.

त्याच हंगामात पिकोलोला कॅन्सर निघाला. १९७० मध्ये सेयर्सला त्याच्या पुनरागमनासाठी धाडसाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो पिकोलोचा आहे असं त्याने व्यासपीठावरून सांगितलं. जूनमध्ये पिकोलो गेला, अवघ्या २६ व्या वर्षी. त्यांच्या मैत्रीवर १९७१ मध्ये ‘ब्रायन्स साँग’ हा टीव्ही सिनेमा आला आणि फुटबॉल न बघणाऱ्यांच्याही डोळ्यात पाणी आलं.

पण १९७० मध्येच सेयर्सचा डावा गुडघाही गेला. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांत मिळून तो फक्त चार मॅच खेळला. १९७२ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. ६८ मॅच, एवढंच करिअर. तरी १९७७ मध्ये ३४ व्या वर्षी त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, इतक्या कमी वयात कुणालाच तो मान मिळाला नव्हता.

पेटनची बाजू: तो थांबलाच नाही

१९७५ मध्ये बेअर्सनी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट विद्यापीठातून पेटनला उचललं, तेही चौथ्याच क्रमांकावर. पहिल्या मॅचमध्ये त्याला ८ वेळा बॉल मिळाला. यार्ड किती काढले? शून्य.

त्या वर्षी घोटा दुखावल्याने तो एका मॅचला बाहेर बसला. पुढच्या १२ वर्षांत दुखापतीमुळे तो एकाही मॅचला बाहेर बसला नाही.

रनिंग बॅकसाठी ही गोष्ट जवळपास अशक्य आहे. त्यातही पेटनची पळायची पद्धत अंग वाचवायची नव्हती. सीमारेषेजवळ आल्यावर बरेच जण मार चुकवायला बाहेर निघून जातात. पेटन उलट आत वळायचा आणि टॅकल करायला आलेल्यालाच आधी धडकायचा. त्याच्या ताकदीमागे ऑफ सीझनमधली मेहनत होती. शिकागोजवळच्या आर्लिंग्टन हाइट्समधल्या एका उभ्या टेकडीवर तो पुन्हा पुन्हा धावत चढायचा. सोबत आलेले खेळाडू धापा टाकत खाली बसायचे.

बॉल हातात नसतानाही तो कामाचा होता. तो क्वार्टरबॅकसाठी आडवा यायचा, पास झेलायचा, गरज पडली तर स्वतः पासही फेकायचा. त्याच्या नावावर ४९२ झेल आहेत आणि त्याने फेकलेल्या पासवर ८ टचडाऊन झालेत.

७ ऑक्टोबर १९८४ रोजी त्याने जिम ब्राऊनचा १२,३१२ यार्डांचा विक्रम मोडला. १९८७ अखेर थांबला तेव्हा आकडा १६,७२६ वर होता. किलोमीटरमध्ये हे होतात सुमारे सव्वापंधरा. रस्त्यावर हे अंतर दीड-दोन तासांत पळून होईल. पेटनला १३ वर्षं लागली, कारण प्रत्येक दोन-चार पावलांवर कुणीतरी त्याला जमिनीवर आपटत होतं. हा विक्रम २००२ मध्ये एमिट स्मिथने मोडला.

बेअर्सनी जानेवारी १९८६ मध्ये न्यू इंग्लंड पॅट्रियट्सला ४६-१० हरवून सुपर बोल जिंकला. टीमचा पाठीचा कणा पेटन होता, पण त्या मॅचमध्ये त्याला एकही टचडाऊन करायला मिळाला नाही. याची खंत कोच माइक डिटका यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली.

आकडे कुणाच्या बाजूने?

गंमत अशी, की आकडे दोघांच्याही बाजूने साक्ष देतात.

एकदा बॉल हातात आला की सरासरी किती यार्ड? सेयर्स ५.०, पेटन ४.४. इथे सेयर्स पुढे.

एका मॅचमागे टचडाऊन किती? सेयर्सचे ६८ मॅचमध्ये ५६, म्हणजे ०.८२. पेटनचे १९० मॅचमध्ये १२५, म्हणजे ०.६६. इथेही सेयर्सच.

मग दोघांची फक्त पहिली पाच वर्षं घेऊ, म्हणजे सेयर्सच्या गुडघ्यावर अन्याय नको. सेयर्सने ६४ मॅचमध्ये ४,८६६ यार्ड काढले. पेटनने ७३ मॅचमध्ये ६,९२६. मॅचमागे सेयर्स ७६, पेटन ९५. इथे पेटन पुढे गेला.

पण का? कारण पेटनला मॅचमागे सुमारे २१ वेळा बॉल मिळत होता, सेयर्सला १५ वेळा. सेयर्सचे चाहते म्हणतात, आमच्या माणसाला २१ वेळा दिला असता तर? पेटनचे चाहते म्हणतात, २१ वेळा मार खाऊन पुढच्या आठवड्यात उभं राहणं हीच तर खरी कसोटी आहे. दोघांचंही म्हणणं तर्काला धरून आहे.

मग उत्तर काय?

नीट बघितलं तर लोक एकाच वाक्यात दोन वेगळे प्रश्न विचारतायत. सगळ्यात सुंदर, सगळ्यात धोकादायक कोण पळायचा, असा प्रश्न असेल तर सेयर्सचं नाव खोडणं कठीण आहे. पण प्रश्न ‘टीमच्या इतिहासातला’ असा असेल, तर त्यात टीमला काय मिळालं हेही मोजावं लागतं. शून्य यार्डांच्या मॅचपासून सुपर बोलपर्यंत, वाईट टीम असो की चांगली, पेटन दर आठवड्याला हजर होता. २०१९ मध्ये बेअर्सच्या शंभराव्या हंगामानिमित्त क्लबच्या १०० सर्वोत्तम खेळाडूंची यादी निघाली, तेव्हा पहिलं नाव पेटनचंच होतं. त्याच वर्षी सोल्जर फील्डबाहेर दोन पुतळे उभे राहिले, एक हॅलस यांचा आणि दुसरा पेटनचा.

तरी पेटनच्या बाजूने बोलताना एक गोष्ट विसरता येत नाही. पेटनचा गुडघा टिकला यात मेहनत होती, तसं नशीबही होतं. सेयर्सने मेहनतीत कसूर केली नव्हती. १९६९ चं ते वर्ष त्याचा पुरावा आहे.

आणि शरीराने शेवटी पेटनलाही सोडलं नाही. १९९९ च्या सुरुवातीला त्याने यकृताचा दुर्मीळ आजार झाल्याचं जाहीर केलं. प्रत्यारोपणाची गरज होती, पण पित्तनलिकेच्या कॅन्सरमुळे तेही होऊ शकलं नाही. अवयवदान करा, असं तो शेवटच्या महिन्यांत लोकांना सांगत राहिला. १ नोव्हेंबर १९९९ रोजी तो गेला. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला एनएफएल दरवर्षी जो पुरस्कार देते, तो आज वॉल्टर पेटनच्या नावाने दिला जातो. सेयर्स २०२० मध्ये ७७ व्या वर्षी गेला.

पेटनची ३४ नंबरची आणि सेयर्सची ४० नंबरची जर्सी बेअर्सनी कायमची बाजूला ठेवली आहे. क्लबकडून ते दोन्ही नंबर आता कुणालाच मिळत नाहीत.