एका तंतूवर अनेक कंपन्या

मुरबाडहून माळशेजकडे निघाले की सरळगाव, टोकावडे, मोरोशी अशी गावे लागतात आणि रस्त्यापासून आत पाडे विखुरलेले. शहापूर तालुक्यात डोळखांब, किन्हवलीकडेही तीच रचना. इथे प्रत्येक इंटरनेट कंपनीने स्वतःचा चर खणायचा म्हटले, तर एकीचाही हिशेब बसणार नाही. फायबर टाकण्याचा मोठा खर्च काचेच्या तंतूचा नसतो, खोदाईचा असतो.

म्हणून चर एकदाच खणायचा आणि तंतू सर्वांनी वापरायचा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ झालेल्या योजनेचा पाया हाच. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत सरकारी फायबर न्यायचे आणि सर्व सेवा पुरवठादारांना ते भेदभाव न करता द्यायचे.

एकाच तंतूत डेटाची सरमिसळ होत नाही, कारण प्रत्येक पाकिटावर त्या-त्या कंपनीचा क्रमांक असतो. खरी कसरत गावाकडून तालुक्याकडे येताना होते. तिथे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या यंत्राला बोलण्याची वेळ नेमून दिलेली असते आणि वेळेची एक चौकट असते अवघ्या १२५ मायक्रोसेकंदांची. काचेतून एक किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. तीन किलोमीटरवरचे गाव आणि पंधरा किलोमीटरवरचे गाव यांच्यात जाऊन-येऊन १२० मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे जवळपास अख्खी चौकट! हे अंतर आधीच मोजून जवळच्या यंत्राला तेवढे थांबवले जाते.

मग वाटणी कशी करायची? समजा, ९० एमबीपीएस आहेत आणि तीन कंपन्यांची मागणी १०, ३० आणि ७० आहे. सरसकट तीस-तीस दिले, तर पहिलीचे २० पडून राहतात. त्याऐवजी तिचे उरलेले तिसरीला द्यावेत. तिला ५० मिळतात, कोणाचेच नुकसान होत नाही. मात्र पहिलीचे ग्राहक संध्याकाळी वाढले, की तिचे तीस तिला तत्काळ परत मिळालेच पाहिजेत. ही हमी नसेल, तर गावातला छोटा केबलवाला मोठ्या कंपनीपुढे टिकणार नाही. त्यामुळे वाटणीचे नियम आणि प्रत्यक्ष वापराचे आकडे ग्रामपंचायतीला पाहता यायलाच हवेत.

सामाईक तंतूची एक जोखीमही आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीचा फावडा लागला, की सगळ्याच कंपन्यांचे ग्राहक एकदम बंद पडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटमध्ये म्हणूनच तालुका ते ग्रामपंचायत जोडणी वर्तुळाकार करायचे ठरले आहे. एका बाजूने तंतू तुटला, तर डेटा दुसऱ्या बाजूने फिरून येईल.