नवोदित नर्स प्रॅक्टिशनर आणि आत्मविश्वासाची जडणघडण

'नर्स प्रॅक्टिशनर' ही संकल्पना आपल्याकडे अद्याप फारशी परिचित नाही. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड व बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी या अभ्यासक्रमाचा पाया घातला. उच्च शिक्षण घेतलेली ही परिचारिका रुग्ण तपासते, निदान करते व औषधे लिहून देते; तिला किती स्वातंत्र्य असावे, हे तेथे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. प्राथमिक आरोग्यसेवेत नव्याने रुजू झालेल्या अशा परिचारिकेचा आत्मविश्वास कसा घडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वरवर पाहता हा प्रश्नच उद्भवू नये, कारण तिच्या गाठीशी बहुधा रुग्णसेवेचा अनुभव असतो. परंतु रुग्णालयाच्या वॉर्डातील रुग्णाचे निदान बहुतेक वेळा झालेले असते; प्राथमिक केंद्रात येते ती केवळ तक्रार. 'थकवा येतो' एवढेच सांगणाऱ्या स्त्रीला रक्तक्षय आहे, थायरॉईडचा विकार आहे, नैराश्य आहे, की घरकामाच्या ओझ्याने ती खचली आहे? अनुभवी परिचारिकाही अनोळखी क्षेत्रात गेल्यास पुन्हा नवशिकी ठरू शकते, हे पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. कालपर्यंत सहकारी जिला विचारून काम करीत, तीच आज प्रत्येक गोष्टीसाठी अडखळते. (नवनियुक्त अध्यापकांना ही अवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज नसावी.)

माहिती वाढली की आत्मविश्वास आपोआप वाढतो, हा समज अपुरा आहे. भीतीपोटी अनावश्यक तपासण्या सांगणारी आणि पहिल्याच निदानाला चिकटून बसणारी, या दोघींना अनिश्चितता सोसवत नाही. प्राथमिक सेवेत रुग्ण पुन्हा येतो, म्हणून काळ हेही निदानाचे साधन ठरते. मात्र घाम व धाप यांसह छातीत दुखत असेल, तर थांबणे धोक्याचे असते; अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे लागते. याउलट, तापाने आलेले मूल हसत-खेळत असेल व तपासणीत काही गंभीर आढळले नाही, तर मूल पाणी पिईनासे झाले, श्वास जलद झाला किंवा ते सुस्त पडले तर लगेच आणा, असे आईला स्पष्ट सांगून घरी पाठवता येते. कोणासाठी थांबता येते व कोणासाठी नाही, ही जाण म्हणजेच येथील आत्मविश्वास होय, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

ही जाण एकट्याने येत नाही. कनेक्टिकटमधील कम्युनिटी हेल्थ सेंटर या संस्थेने २००७ मध्ये नवोदितांसाठी बारा महिन्यांचा निवासी-प्रशिक्षणाच्या धर्तीवरील कार्यक्रम सुरू केला. त्यात रुग्ण नवोदितेचेच असतात. शंका विचारण्यासाठी अनुभवी मार्गदर्शक मात्र जवळ असतो.

भारतात २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. परिचर्या वा आयुर्वेदाचे पदवीधर सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर हे पद स्वीकारतात. त्यांचे अधिकार नर्स प्रॅक्टिशनरइतके नाहीत, पण पहिल्या दिवसाची धास्ती तीच आहे. 'ई-संजीवनी'वरून त्यांना डॉक्टरांचा सल्ला मिळतो, ही मोठीच सोय होय. तथापि उपचार कोणता करावा हे त्यातून कळते. आपला अंदाज कोठे व का चुकला, हे समजावून सांगण्याइतका वेळ पलीकडच्या डॉक्टरांकडे असतोच असे नाही.