वही नसलेली मोटार
बेळगाव-खानापूर भागातील आमची कित्येक कुटुंबे गोव्याहून जुनी मोटार आणावयाचे योजितात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी तिचा मोह सुटत नाही. दुरुस्तीची वही मागावी, तर विक्रेता हसतो! अशा वेळी मोटारीलाच साक्षीस बोलवावे. अंतराचा आकडा मागे फिरविता येतो. तो ४०,००० किलोमीटर सांगत असेल आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर आम्ही रबरावर विश्वास ठेवू. इंजिन थंड असतानाच पाहावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपविते. सुरू होताच निळसर धूर निघाला, तर तेल जळते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ फेस असल्यास आत पाणी शिरल्याचा संशय धरावा. टायमिंगचा पट्टा केव्हा बदलला हे कळत नसेल, तर बदललाच नाही असे समजून तो खर्च किमतीतून वजा करावा. गोव्याचे ना-हरकत पत्र, कर्नाटकाचा रस्ता-कर, १५ वर्षे उलटली असल्यास नोंदणीचे नूतनीकरण, हेही त्याच हिशेबात धरावे. नोंदणीवर कर्जाचा बोजा असेल, तर तो फिटल्याचा बँकेचा दाखला पाहिल्यावाचून, बोटीवरच्या मुलाने घाम गाळून धाडलेल्या पैशांतून बयाणा देऊ नये. मिस्त्री आपल्याच गावचा न्यावा. विक्रेत्याने सुचविलेला नको.