सायकलचा हिशेब आणि कॉफीचा कप

वाशीम, कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीर, कोणत्याही बाजारपेठेतील व्यापाऱ्याचा दिवस गादीवर सुरू होतो आणि गादीवरच संपतो. सोयाबीन-तुरीच्या हंगामात तर जेवणालाही उसंत मिळत नाही. व्यापार वाढला, घरासमोर मोटार आली. त्याबरोबर मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखीही मुक्कामाला आली. याच घरांतील आजोबा एके काळी कॅरिअरला कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार गाठत आणि उधारीच्या वसुलीसाठी सायकलनेच खेड्यापाड्यांत जात. त्यांना व्यायाम हा शब्द ठाऊक नव्हता. त्याची गरजही नव्हती.

ती सायकल आज वेगळ्या रूपात परत येत आहे. सोनीपतची ॲटलस १९५१ मध्ये आणि लुधियानाची हीरो १९५६ मध्ये सुरू झाली. या काळ्या, दणकट सायकलींनी ग्रामीण भारताच्या दोन पिढ्या वाहून नेल्या. ॲटलसचे साहिबाबाद येथील उत्पादन ३ जून २०२० रोजी थांबले. योगायोग असा, की संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेला जागतिक सायकल दिवसही ३ जूनच आहे. मात्र गरजेची सायकल मागे पडत असतानाच आवडीची सायकल पुढे आली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या विदर्भातील नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने पार पाडली. या पराक्रमांमुळे मध्यमवयीन माणसालाही सायकल काढण्याचा संकोच वाटेनासा झाला.

सायकल घ्यायची ठरली, की पहिला गोंधळ गिअरचा होतो. फ्रान्समधील जगप्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’ स्पर्धेत चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारे गिअर १९३७ पर्यंत वर्ज्य होते. गिअर हे दुबळ्यांचे साधन, अशी आयोजकांची समजूत होती. गणित मात्र वेगळे सांगते. साध्या सायकलीला पुढच्या चक्रीला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे उत्तम आहे. पण चढावर वेग ताशी दहा किलोमीटरपर्यंत उतरला, की मिनिटाला जेमतेम तीस फेऱ्या होतात आणि सारा भार गुडघ्यांवर येतो. पुढे-मागे ३२-३२ दात्यांचा गिअर असेल, तर एका फेरीत सायकल दोन मीटरच सरकते; पण पाय हलके फिरतात आणि चढ संपेपर्यंत दम टिकतो. मालेगाव-मेडशीकडून पातूरच्या घाटाकडे जाणाऱ्याला या फरकाचे मोल लगेच उमगते. पन्नाशीनंतर गिअर ही चैन नव्हे, गुडघ्यांचा विमा आहे.

मात्र आकड्यांना भुलू नये. ‘एकवीस गिअर’ म्हणजे पुढे तीन आणि मागे सात चक्र्या. त्यातील अनेक जोड्या जवळजवळ सारखाच परिणाम देतात आणि टोकाच्या तिरप्या जोड्यांनी चेन लवकर झिजते. पुढे दोन आणि मागे आठ चक्र्यांची सायकलही जिल्ह्यातील रस्त्यांना पुरून उरते. कमी किमतीच्या सायकलींना पुढे शॉकअप लावलेले दिसतात. त्यांनी वजन वाढते आणि डांबरी रस्त्यावर पायांची ताकद त्या दांड्यांच्या हिसक्यांत वाया जाते. टायर फार बारीक नको. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर आपल्याकडील खड्ड्यांना आणि कडेच्या मुरमाला सोसतो. बाभळीचा काटा कोणालाच सोडत नाही, म्हणून जादा ट्यूब, पंक्चरचे सामान आणि छोटा पंप सोबत हवाच. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर उतरू नये. मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये चिखल असा बसतो, की सायकल खांद्यावर घेऊन परतावे लागते.

देखभालीत चेनकडे विशेष लक्ष द्यावे. चेन झिजून लांबली, की ती फ्रीव्हीलचे आणि पुढच्या चक्रीचे दातेही खाते. चेन वेळेवर बदलण्याचा खर्च थोडा असतो. टाळला तर तिन्ही वस्तू एकदम बदलाव्या लागतात. सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही ग्राहकाच्या सोयीची गोष्ट आहे. पण कर कमी झाला म्हणून दरवर्षी नवी सायकल घेणे हा हिशेब नव्हे. हलकी फ्रेम, हलकी चाके, मग आणखी हलकी चाके, या मोहाला अंत नाही. परिग्रह-परिमाणाचा विचार ज्या घरांत रुजलेला आहे, तिथे एवढा प्रश्न पुरेसा असावा: दोन किलो वजन कमी करण्यासाठी पन्नास हजार रुपये मोजायचे, की तेच दोन किलो स्वतःच्या पोटावरून उतरवायचे?

सीट निवडताना आणखी एक बाब लक्षात घ्यावी. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत चामड्याच्या सीटचे मोठे कौतुक आहे. अहिंसेच्या दृष्टीने ज्यांना ती नको, त्यांच्यासाठी रबर आणि सुती कापडाच्या टिकाऊ सीट मिळतात. सीटची रुंदी आणि उंची शरीराला जुळली, तर चामड्याची उणीव भासत नाही. हातमोजे आणि बूट घेतानाही हीच चौकशी करावी.

सायकल आली, की तिच्यामागून कॉफी येते. इटलीत या दोहोंचे नाते जुने आहे. एस्प्रेसो यंत्रे बनवणाऱ्या फाएमा या मिलानच्या कंपनीचा स्वतःचा सायकल संघ होता आणि एडी मर्क्स यांनी १९६९ मधील आपली पहिली ‘टूर द फ्रान्स’ याच संघाकडून जिंकली. भारतात कॉफी आणण्याचे श्रेय परंपरेने बाबा बुडन यांना दिले जाते. सतराव्या शतकात त्यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. विदर्भ मुळात चहाचा प्रदेश. इथे कॉफी म्हणजे लग्नाच्या पंगतीनंतरचा फेसाळ कप. सायकलस्वारांच्या गटांमुळे मात्र फिल्टरची काळी कॉफी थर्मासमधून शिरपूरच्या आणि कारंज्याच्या रस्त्यावर पोहोचली आहे.

या कपाला थोडे शास्त्रही आहे. कॉफीतील कॅफिनने थकव्याची जाणीव कमी होते; खेळाडूंच्या प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीतून ते २००४ मध्ये वगळले गेले. मात्र त्याचा निम्मा अंश शरीरात सुमारे पाच तास रेंगाळतो, म्हणून सायंकाळची कॉफी रात्रीची झोप नेते. रक्तदाबाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच कप वाढवावेत. कंदमूळ वर्ज्य असलेल्या कुटुंबांनी पाकिटावरील मजकूर अवश्य वाचावा. फिल्टर कॉफीच्या अनेक मिश्रणांत चिकोरी असते आणि चिकोरी म्हणजे भाजून दळलेले मूळ. नियमानुसार मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरीचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. शुद्ध कॉफीची पूड सहज मिळते. प्रश्न फक्त पाकीट उलटून पाहण्याचा आहे.

सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यांनाही लांब पल्ला अशक्य नाही. नागपूरसह राज्यातील अनेक शहरांत होणाऱ्या २०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ उपक्रमाला साडेतेरा तासांची मुदत असते. पहाटे सहाला निघालेल्याला सायंकाळी साडेसातपर्यंत पोहोचायचे असते. हिवाळ्यात पावणेसहाच्या आसपास दिवस मावळतो. म्हणजे शेवटचे दोन तासच अन्नपाण्याविना काढावे लागतात. खाकरा, शेंगदाण्याची चिक्की, केळी आणि भरपूर पाणी दिवसाउजेडी घेतले, वेग थोडा वाढवून शेवटचे अंतर कमी ठेवले, तर नियम आणि पल्ला दोन्ही सांभाळता येतात. प्रकृती साथ देत नसेल तेव्हा ५० किलोमीटरवर थांबणे हाही पुरुषार्थच होय.

खरा धोका रस्त्याचा आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण तिथे दुचाकीलाही प्रवेश नाही. जुन्या रस्त्यांवर हंगामात धान्याचे ट्रक आणि दिवे नसलेल्या ट्रॉल्या असतात. म्हणून हेल्मेट, मागे लाल दिवा, अंगावर चमकणारा पट्टा आणि उजाडल्यानंतरच प्रस्थान, यांत तडजोड नको. जोडीने समांतर सायकल चालवत गप्पा मारण्याचा मोहही टाळावा. गप्पांसाठी पुढे कॉफीचा थांबा आहेच.

आणि तो थांबाच बहुधा या छंदाची सर्वांत मोठी मिळकत ठरतो. दुकानात बाप-लेक दिवसभर शेजारी बसतात. पण बोलणे भाव, उधारी आणि मालाच्या गाडीपलीकडे जात नाही. वीस किलोमीटर सायकल चालवून झाडाखाली कप हातात घेतल्यावर मुलगा गादीवर न काढलेला विषय काढतो: पुण्यात नोकरी करायची आहे, किंवा दुकानात काही बदल करायचे आहेत. बाप घामाने भिजलेला असतो, त्यामुळे रागवायलाही सवड नसते. तो ऐकून घेतो. आठवड्यातून अशी एक सकाळ निघाली, तरी सायकलची किंमत वसूल झाली असे समजावे.